आठवी खाच

३ मार्च

श्रीमान धाकटे यांस,

पत्राच्या आरंभी क्षेमकुशल विचारावं असा शिष्टसंप्रदाय आहे. पण माझी तक्रार तातडीची असल्यामुळे क्षेमकुशलाने जरा बाहेरच्या बाकावर बसावं.

तक्रार अशी. माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर रुग्णालयाने दिलेला एक तक्ता चिकटवला आहे. त्यावर ओळीने सहा गोल चेहरे आहेत. पहिला हसतो, शेवटचा धाय मोकलून रडतो, आणि खाली शून्यापासून दहापर्यंत सम आकडे आहेत. दिवसातून तीनदा मी त्यांतला आपला चेहरा हुडकायचा आणि वहीत आकडा लिहायचा. माझं साधार म्हणणं असं, की चारचा चेहरा आणि सहाचा चेहरा हा एकच इसम आहे. सहाच्या भुवया काढताना चित्रकाराचा हात हलला, एवढाच काय तो फरक. आठचा गृहस्थ तर दुखण्याने कळवळतच नाहीये, त्याला कोणीतरी न मागता सल्ला दिलेला आहे. काच कारखान्याच्या दवाखान्यात बसून बावीस वर्षं ज्याने लोकांच्या दुखण्याला आकडे दिले, त्याच्या म्हातारपणाच्या उंबरठ्यावर असा गचाळ तक्ता यावा, याला दैवदुर्विलास नाही म्हणायचं तर काय?

मी रोज तिन्ही वेळा हसरा चेहरा निवडतो. त्यावरून तुझी वहिनी म्हणते, "त्या चेहऱ्याचं आणि तुमचं कुठेही जमत नाही. दुसरा घ्या."

आता कुशल. माझा डावा घोटा मोडला आहे. कसा मोडला ते मला माहीत नाही, आणि यात अतिशयोक्ती नाही. डावा बूट चावतो म्हणून मी चांभाराकडे गेलो. त्याने बूट उलटापालटा केला, मग माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, बूट ठीक आहे. पाय बदलून आणा." पायाचा रंग वांग्यासारखा झाला होता. हाडांच्या डॉक्टरांनी क्ष-किरणाची फिल्म उजेडासमोर धरली आणि विचारलं, "कधी पडलात?" मी म्हटलं, पडलो नाही, साधारण तीन आठवड्यांपूर्वी एक पायरी चुकली होती. "आणि तीन आठवडे यावर चालताय?" मी म्हटलं, चालतोय म्हणजे काय, कामावर जातोय. त्यांनी शेजारच्या खोलीतल्या दोघांना हाका मारून बोलावलं. अशी कीर्ती मला संस्कृतच्या परीक्षेतही कधी मिळाली नव्हती.

पायात आता दोन खिळे आणि एक पट्टी आहे. तीन महिने जमिनीला पाय लावायचा नाही. दुसऱ्या कोणाला हे सांगावं लागत नाही, दुखलं की माणूस आपोआप पाय उचलतो. माझा पाय तक्रारच करत नाही, म्हणून त्याच्यावर पहारा. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट जानेवारीपासून बंद. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. लोक चढतात, उतरतात. मी बघतो.

तुझा खांदा कसा आहे?

हा प्रश्न खोडायला पेन उचललं होतं. पण खोडलेलं आधी वाचलं जातं, म्हणून राहू दिला. अकरा वर्षांनी पत्र आणि त्यात बूट! तुला हसू आलं तर हस. पत्ता कुठून मिळवला म्हणशील, तर पोस्टखात्याची कृपा.

तुझा,
दादा


११ मार्च

धाकट्या,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती, पण जिन्यात पावलं वाजली की मान वळते, आणि मान वळवायला अजून कोणी बंदी घातलेली नाही.

मधल्या काळात मी विज्ञानाच्या उपयोगी पडलो. त्या हाडांच्या डॉक्टरांनी माझं नाव एका संशोधक बाईंना कळवलं. माणसामाणसाच्या दुखण्यात फरक का असतो, एकाला जे फुलासारखं लागतं ते दुसऱ्याला का पेटवतं, त्यातलं किती रक्तातून येतं आणि किती मेंदूच्या घडणीतून, याचा त्या अभ्यास करतात. वयाने आपल्या बहिणीसारख्या, म्हणजे आपल्याला बहीण असती तर. चौघांनी मला खुर्चीत घालून चार मजले उतरवलं. वाटेत दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगंबाई, गेले का?" मी हात हलवून शंकानिरसन केलं.

आधी दंडाला एक तापणारी पट्टी बांधली. हातात बटण दिलं. "दुखायला लागलं की दाबा." मी वाट पाहत बसलो. पट्टी कोमट झाली, गरम झाली, मग टक्क आवाज होऊन बंद पडली. मी म्हटलं, बाई, तुमचं यंत्र बिघडलं. त्या म्हणाल्या, "बिघडलं नाही. यापुढे कातडी भाजते म्हणून ते आपणहून थांबतं. तुम्ही बटण का दाबलं नाहीत?" मी म्हटलं, अजून सुरुवात कुठे झाली होती? त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

मग ती नळी. मेंदूचा फोटो काढणारी. तू कारखान्यात काचेच्या तापल्या गोळ्यात फुंकर घालून पोकळी करायचास. त्या पोकळीत आत बसायला कसं वाटतं ते मला विचार. डोकं पिंजऱ्यात, हात दोन्ही बाजूंना, नाकासमोर चार बोटांवर छप्पर. "हलू नका" एवढाच उपदेश. सत्तेचाळीस मिनिटं. बाहेर हातोडे पडल्यासारखा आवाज. नाकाचा शेंडा खाजत होता. दुखणं मला कळत नसेल, खाज कळते. मी शब्द चालवायला लागलो, लहानपणी रोज सकाळी चालवायचो तसे, राम शब्दापासून. पण मधेच काय झालं कोण जाणे, मला आपल्या दवाखान्यातल्या रजिस्टरचे रकाने आठवायला लागले. दिनांक, नाव, विभाग, दुखण्याची जागा, त्याने सांगितलेला आकडा, चिमटा, दिलेला आकडा. डोळे मिटले तरी रकाने दिसत होते. बटण हातात होतं, दाबलं असतं तर बाहेर काढलं असतं. नाही दाबलं.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्ही करता काय?" मी सांगितलं. कारखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात. बाकीचे दिवस दुखणाईत माणूस कारकुनाकडे, म्हणजे माझ्याकडे येतो. मी त्याच्या दुखण्याला आकडा देतो. पाचाच्या वर गेला तर हलकं काम, खाली राहिला तर परत भट्टीवर.

"पण आकडा देता कसा?"

मग मी त्यांना चिमट्याची पद्धत मोठ्या अभिमानाने सांगितली. तुला ती पाठ आहे, पण मी कशी सांगितली ते ऐक. आमच्याकडे आधीच्या डॉक्टरांनी ठेवलेला एक स्प्रिंगचा चिमटा आहे, त्याला दहा खाचा. रोज सकाळी तो मी आधी स्वतःच्या करंगळीला लावतो. आठव्या खाचेला मला वाटतं, हं, आता दुखलं. ते आमचं प्रमाण. मग तोच चिमटा येणाऱ्याच्या करंगळीला. जो आठव्यापर्यंत शांत राहील त्याने सांगितलेला आकडा खरा. जो तिसऱ्या-चौथ्या खाचेलाच हुळहुळेल तो नाजूक, त्याचा आकडा निम्मा. मी म्हटलं, "बाई, जे दुसऱ्याला लावायचं ते आधी स्वतःला लावून बघावं, हे आम्हाला शाळेत घोकून घेतलंय. बावीस वर्षांत मी एकदाही दुसऱ्याला आधी लावला नाही."

बाईंनी माझी करंगळी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "आठव्यापर्यंत किती जण शांत राहायचे?"

मी म्हटलं, "फारसे नाही. हल्ली लोक नाजूकच झालेत."

"भाऊबहीण आहे?"

"एक भाऊ आहे. लांब असतो."

"किती लांब?"

"अकरा वर्षं," मी म्हटलं.

तुझा,
दादा


२० मार्च

प्रिय धाकट्या,

अहवाल आला. बाई स्वतः चार मजले चढून आल्या, धापा टाकत. "तुमच्या जिन्यावर एक वेगळा अभ्यास करता येईल," म्हणाल्या. तुझ्या वहिनीला त्या तिथल्या तिथे आवडल्या.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या नसांमध्ये बारीक बारीक दारं असतात. काही लागलं की ती उघडतात आणि दुखण्याचा निरोप पुढे जातो. ही दारं कशी घडवायची याचा मजकूर आईबापांकडून येतो. माझ्या मजकुरात एका ठिकाणी असा फरक आहे, की दारं कुरकुरत, उशिरा उघडतात. तुझ्यात तो असेलच असं नाही. नाणं उडवण्यासारखं आहे. शिवाय जो निरोप पोचतो तो वाचणारा मेंदूचा जो पट्टा, त्याची जाडी माणसागणिक वेगळी असते, आणि माझी सरासरीत बसत नाही. "पण नुसत्या फोटोवरून कोणाला किती दुखतं ते सांगता येत नाही," बाईंनी बजावलं. "जनुकं आणि घडण मिळून थोडा भाग ठरवतात. बाकी तुमचं आयुष्य, भीती, झोप, सवय. आम्हालाच अजून पुरतं कळलेलं नाही." विद्वत्ता आणि नम्रता एका ठिकाणी पाहिली की मला संशय येतो. इथे आला नाही.

तेव्हा आपले वडील दाढ उपटून घेऊन तसेच व्याख्यानाला गेले होते, आणि त्या गोष्टीवर आपण दोघं वाढलो, ते त्यांचं धैर्य नव्हतं. दारं कुरकुरत होती. आणि तू जरा खरचटलं की घर डोक्यावर घ्यायचास, आणि वडील म्हणायचे, "मोठ्याकडे बघ," तेव्हा तू ज्याच्याकडे बघायचास तो माणूस काही सोसत नव्हताच. त्याला फुकट पदक मिळत होतं.

हे ऐकून मला काय वाटलं ते खरं सांगू? मोकळं. कोणीतरी छातीवरचं पोतं उचलावं तसं. वीसेक हजार चिठ्ठ्या मी लिहिल्या असतील. त्यातली एकही द्वेषाने लिहिली नाही, लबाडीने लिहिली नाही. माझी पट्टीच मुळात लांब होती, आणि ती लांब आहे हे मला कळायची सोय निसर्गाने ठेवली नव्हती. मी बाईंना विचारलं, "म्हणजे दुसऱ्याचं दुखणं मला कळणं शक्यच नव्हतं, असं तुम्ही लिहून द्याल?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं दुखणं तुम्हाला कमी कळतं, एवढंच मी लिहिलंय. दुसऱ्याचं दुखणं करंगळीने कळत नाही. ते विचारून कळतं. बघून कळतं."

यावर तुझी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाई, हे जरा मोठ्या अक्षरांत लिहून द्या. तक्त्याच्या शेजारी लावते."

आता एक कबुली. तुझा पत्ता पोस्टाच्या कृपेने मिळाला नाही. तू खांद्याच्या जुन्या इजेची फेरतपासणी व्हावी म्हणून वैद्यकीय मंडळाकडे अर्ज केलास, त्याची प्रत मला आली. त्यावर तुझा पत्ता होता. ती पहिल्या पत्राच्या आधीच आली होती. म्हणजे मी तुला घोट्यामुळे पत्र लिहिलं नाही, हे तू ओळखलंच असशील. मंडळाने मला एकच प्रश्न विचारला आहे: अकरा वर्षांपूर्वी, त्या दिवशी, फुंकनळीच्या कारागिराला, म्हणजे तुला, दोन हा आकडा कशाच्या आधारावर दिला? उत्तर पाच एप्रिलपर्यंत.

कारखान्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला होता. त्यांना अहवालाचं कुठून कळलं देव जाणे. "शास्त्रीबुवा," म्हणाले, "तुमच्या रक्ताने कमाल केली. तो कागद जोडा. कोणाचाच दोष नाही, चूक निसर्गाची. तुम्ही सुटलात, आम्ही सुटलो, तुमच्या भावालाही कारण कळलं. आणखी काय हवं?"

आणखी काय हवं? मी उत्तराचा मसुदा केला आहे. "माझ्या वेदनासंवेदनेतील जन्मजात न्यूनतेमुळे..." अशी सुरुवात आहे. भाषा चांगली साधली आहे. तू वाचलीस तर तुलाही पटेल, असं वाटतं. मी तुझा खांदा बघितला तेव्हा माझ्या पट्टीने बघितला. दुसरी पट्टी माझ्याकडे नव्हती. तू परत भट्टीवर गेलास आणि तिसऱ्या दिवशी नळी उचलताना खांदा फाटला, हे मी कसं आधी जाणणार? तुझा हात छातीच्या वर जात नाही याचं मला किती वाईट वाटतं ते मी लिहिलं नाही, कारण ते लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही ते ठरत नाही.

कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

तुझा,
दादा


२९ मार्च

धाकट्या,

एका ओळीत म्हटलं, तर तू खरोखरच एका ओळीत कळवलंस. प्राचीन सूत्रकार तुझ्यापुढे बडबडे ठरतील. पोस्टकार्डाचा बाकीचा कोरा भाग मी पुन्हा वापरावा अशी इच्छा असेल तर तसं कळव.

तुझी ओळ: "दादा, सवड झाली की सांग, त्या दिवशी तू मला चिमटा लावला नाहीस, तो का?"

सवडीचं म्हणशील तर माझ्याकडे दुसरं काहीच नाही. मी या खोलीतल्या छताच्या भेगा मोजल्या, त्यांना नावं दिली, त्यांच्या शाखा-उपशाखा ठरवल्या. समोरच्या जिन्यावरचा निळ्या पिशवीवाला माणूस तिसऱ्या मजल्यावर दम खातो की चौथ्यावर, यावर मी स्वतःशीच पैज लावतो आणि हरतो. सवड आहे.

चिमट्याचं असं, की तो त्या दिवशी जागेवर नव्हता. हरवला होता. किंवा स्प्रिंग दुरुस्तीला गेली होती. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, नेमकं आठवत नाही. रजिस्टरात तो रकाना कोरा राहिला असेल तर त्याचं कारण हेच. तेव्हा अंदाजाने आकडा द्यावा लागला, आणि अंदाज अर्थातच माझ्याच पट्टीचा. म्हणजे फरक काहीच पडत नाही.

मंडळाकडे मसुदा उद्या पाठवतो.

तुझा,
दादा


२ एप्रिल

धाकट्या,

सोबत २९ तारखेचं पत्र जोडलं आहे. ते आधी वाच. ते तुला मिळालं नाही कारण ते टाकलं गेलं नाही.

तुला ठाऊक आहेच, मला खाली उतरता येत नाही. माझं सगळं टपाल तुझ्या वहिनीच्या पर्समधून जातं. ती ग्रंथालयात जाताना वाटेत पेटीत टाकते. परवा दुपारी ती कामावरून परत आली, चप्पल काढली आणि पत्र माझ्या पांघरुणावर ठेवलं.

"हे मी टाकणार नाही."

"वाचलंस?"

"पाकीट उघडं होतं. बंद होतं ते तुमचं तोंड."

मी म्हटलं, दुसऱ्याचं पत्र वाचणं हा अपराध आहे. ती म्हणाली, "तर मग जा, स्वतः टाकून या." ती रागावली की आवाज चढवत नाही, हे माझं दुर्दैव. खुर्ची ओढून बसली. "चिमटा हरवला नव्हता. त्या संध्याकाळी तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. मी विचारलं काय झालं, तर म्हणालात, धाकट्याला आज चिमटा लावलाच नाही, गरजच नव्हती. मी तेव्हा समजले, इतकं कमी दुखत असेल म्हणून गरज नव्हती. अकरा वर्षं मी तसंच समजत होते. तसंच होतं का?"

मी तक्त्याकडे पाहिलं. तिने उठून तो भिंतीवरून काढला.

"तसंच होतं का?"

आता मी तुला सांगतो ते तिला सांगितलं. थोडं विस्ताराने सांगतो, कारण तुला ऐकायचा हक्क जास्त आहे.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा मागच्या दारात तुझं बोट सापडलं होतं. इतर वेळी डास चावला तरी तू गल्ली गोळा करायचास. त्या दिवशी मी आतल्या खोलीत धातू घोकत होतो आणि तू दाराशी उभा राहून अगदी हळू म्हणालास, "दादा, सवड झाली की दार उघड." मी पाठ पुरा केला आणि मग उठलो. दार उघडल्यावर नख जमिनीवर पडलं. त्या दिवसापासून मला माहीत आहे. तुला थोडं दुखलं की तू आरडाओरडा करतोस. खूप दुखलं की तू शहाणा होतोस. जोडे नीट लावतोस, हळू बोलतोस, समोरच्याची सवड विचारतोस. हे आईला माहीत नव्हतं, वडिलांना नव्हतं. मला माहीत होतं. यासाठी नसांची दारं लागत नाहीत, मेंदूची जाडी लागत नाही. तुझ्याबरोबर एका खोलीत वाढावं लागतं.

त्या दिवशी सकाळी तू दवाखान्याच्या दारात आलास. बूट बाहेर काढलेस, एकमेकांना चिकटवून ठेवलेस. आत येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "दादा, सवड असेल तर जरा खांदा बघ."

मला कळलं. चिमटा टेबलावर, माझ्या हातापाशी होता. तो मी लावला नाही, कारण मोजायला काही उरलंच नव्हतं. तू स्वतः आकडा सांगितलास तो पाच. तो आठ होता हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आदल्या आठवड्यात तुला मी एकदा हलकं काम दिलं होतं, बोट भाजलं तेव्हा. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर कोणीतरी खडूने लिहिलं, "येथे भावांना सवलत आहे." मी ते पुसलं. परत लिहिलं गेलं. जेवणाच्या सुट्टीत मी गेलो की हशा थांबायचा. एकाने तोंडावर विचारलं, "शास्त्रीबुवा, आम्हाला दत्तक घेता का? पाठ दुखते." सगळे हसले, मीही हसलो. बावीस वर्षांत, तेव्हा अकराच झाली होती, माझ्याकडे दुसरं काही नव्हतं रे. संस्कृत शिकून कारकून झालेला माणूस मी. पण हा माणूस कोणाची भीड धरत नाही, असं लोक म्हणायचे. शिव्या देऊन म्हणायचे, पण म्हणायचे. ते मला सांभाळायचं होतं. तू उभा होतास, तुझ्यामागे रांगेत चारजण उभे होते, आणि ते माझ्या पेनाकडे बघत होते.

मी दोन लिहिलं. तू चिठ्ठी वाचलीस. माझ्याकडे पाहिलंस. मी पुढच्या माणसाला हाक मारली.

तिसऱ्या दिवसाचं तुला माहीत आहे.

अहवाल खोटा नाही. इतरांच्या चिठ्ठ्यांबाबत तो अक्षरशः खरा आहे, आणि ते काही समाधान नाही. त्या माणसांना मी प्रामाणिकपणे निम्मं केलं. गेले दोन दिवस मला ते एकेक करून आठवतात. पाठीवाला, दंडावाला, डोळ्यात कण गेलेली ती पॅकिंगमधली बाई. त्यांतल्या कोणाला किती दुखत होतं ते मला आजही सांगता येणार नाही. वीस हजारांत एकच आकडा असा होता जो मला बिनचूक ठाऊक होता, आणि तेवढाच मी समजून उमजून खोटा लिहिला. आता त्यालाही अहवालाच्या पांघरुणाखाली सरकवत होतो. तिसऱ्या पत्रात मी तुझ्याकडे अप्रत्यक्षपणे क्षमा मागितली नाही, सुटका मागितली. ते पत्र वाचून तू मला सोडून दिलं असलंस, तर ते परत घे.

तुझी वहिनी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "कागद आणू?" मी म्हटलं, आण. जुना मसुदा अजून गेला नव्हता, तो फाडला आणि मंडळाला चार ओळी लिहिल्या. त्या दिवशी चिमटा जागेवर होता. अर्जदाराचं दुखणं तीव्र आहे हे मला स्पष्ट कळलं होतं. दोन हा आकडा मी लोकापवादाच्या भीतीने दिला. माझ्या वेदनासंवेदनेविषयीचा अहवाल या एका नोंदीला लागू नाही. बाकीच्या सर्व नोंदींना लागू आहे, त्या सर्व पुन्हा तपासाव्यात. व्यवस्थापकांना प्रत. भाषा साधलेली नाही. तिने खाली सही करायला बोट ठेवून दाखवलं, जणू मला जागा सापडली नसती.

तो लिफाफा आणि हा, दोन्ही ती आत्ता घेऊन निघाली आहे. दारात उभी राहून मला लवकर आटपा म्हणते आहे, पेटी पाच वाजता उघडतात. तेव्हा दोन वाक्यांत संपवतो.

घोट्याचं डॉक्टर बघतील, नोकरीचं जे व्हायचं ते होईल, त्याची मला काळजी नाही. मला काळजी आहे ती एवढीच, की हे वाचल्यावर तू मला पुन्हा कधीच लिहिणार नाहीस, आणि त्यात तुझं काही चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

दादा